उघड्या हातांची माणसं

लग्न होऊन या घरात आले, त्या दिवशी वन्संनी मला पाण्याचा पेला दिला आणि मी पेला घ्यायचा सोडून त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. नखं निळी, नखांच्या कडा काळ्या, पेरांवर चिरा आणि कातडी अशी पातळ की आतली शीर मोजता यावी. मला वाटलं, काहीतरी आजार आहे. त्यांनी माझी नजर पकडली. दुसरी कुणी असती तर तिनं हात मागे घेतला असता. यांनी आणखी पुढे केला.

"बघ, नीट बघून घे. हा रंग जात नाही. काकांच्या हाताखाली तयार झालेल्या बाईची खूण आहे ही."

सासरे तर आधीच वारलेले, तेव्हा हे काका म्हणजे चुलतसासरे असावेत अशी माझी समजूत झाली. मी विचारलं, "काका लग्नाला दिसले नाहीत ते?"

आमचे हे हसायला लागले. "अगं, काका म्हणजे ताईचे मालक. म्हणजे कारखान्याचे मालक, भलतं समजू नकोस!"

वन्संना हसू आलं नाही. "मालक म्हणायचं नाही त्यांना. त्यांना आवडत नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

वन्संनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाला शिकवलं, पोस्टात चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि स्वतः सूत रंगवायच्या कारखान्यात हौदापाशी उभ्या राहिल्या. सकाळी डबा घेऊन जायच्या, संध्याकाळी अंगाला आंबूस वास घेऊन यायच्या. जेवताना मीठ बोटांच्या चिरांत गेलं की एक क्षण डोळे मिटायच्या, की पुन्हा पुढचा घास. माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत, हे आधी सांगते. माझ्या आजारपणात माझे केस धुवून दिले आहेत त्यांनी, त्याच हातांनी. माणूस सोन्यासारखं. फक्त एका नावापुढे त्यांची अक्कल गहाण पडायची.

वाचनालयातून मी जुन्या कादंबऱ्या आणते. तशा कादंबरीत एखादं पात्र असतंच, कुणाला तरी देव मानून बसलेलं. वाचणाऱ्याला पहिल्या पन्नास पानांत कळतं की याचा घात होणार, आणि त्याला एकट्याला पुस्तक संपेपर्यंत कळत नाही. मी चिडायचे, म्हणायचे, लेखकानं उगाच इतका खुळा माणूस रंगवला, असं कुठं असतं का. मग मान वर केली की समोर वन्संच बसलेल्या दिसायच्या, काकांनी आज काय म्हटलं ते सांगत.

काकांनी त्यांना जिंकलं कसं, ते त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. कारखान्यात लागल्या आणि थोड्याच दिवसांत वडील गेले. काका घरी आले, खुर्ची दिली तर बसले नाहीत, जमिनीवर बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसले. वन्संच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझे वडील गेले नाहीत पोरी, फक्त बदलले." बस. त्या एका वाक्यावर या बाईनं पुढचं सगळं आयुष्य लिहून दिलं.

कारखान्यात काका कधी आवाज चढवायचे नाहीत म्हणे. कुणाचं काही चुकलं तर ते तिच्याशी बोलायचेच थांबायचे. समोरून जायचे, शेजारणीची चौकशी करायचे, हिच्या अंगावरून नजर अशी न्यायची की जणू तिथं खांब उभा आहे. चार दिवस असे गेले की ती बाई आपण होऊन रडत माफी मागायची, पुष्कळदा कशाबद्दल ते ठाऊक नसतानाही. वन्संचं असं झालं की घरात अन्न शिजायचं ते आम्हा दोघांपुरतंच. आमचे हे म्हणायचे, "ताई आणि काका यांच्यामध्ये मी पडत नाही. देव आणि भक्ताच्या मध्ये पडणाऱ्याचा पापड होतो."

आणि ते कपाट. ऑफिसच्या दाराशी काचेचं एक कपाट होतं, त्यात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे जोडी-जोडीनं टांगलेले. कुलूप नाही. नवी बाई लागली की पहिल्या दिवशी काका स्वतः तिला कपाटापाशी नेत. "हे हातमोजे. ठेवावे लागतात, ठेवलेत. ज्याला पाहिजे त्यानं घालावे, माझी ना नाही. ज्याचा माझ्यावर भरवसा आहे त्याला ते लागत नाहीत." एवढं बोलून बाही वर करायची आणि तिच्या देखत हौदात हात घालून दाखवायचा.

आता कोण घालील ते हातमोजे?

ज्या हौदात काका हात घालत, त्यात त्या वेळी नुसतं रंगाचं कोमट पाणी असायचं. कॉस्टिक सोडा त्यात नंतर पडायचा. हे मला वन्संनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढा मोठा माणूस, पण स्वतः हात घालतो बघ," असं. मी म्हटलं, "पण वन्सं, सोडा पडल्यावर कुठं घालतात?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवळात चपला घालून शिरले आहे.

निळ्या रंगाचं काम मोठं नाजूक. हौदात सूत हिरवट-पिवळं दिसतं, वर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. पण सोडा नेमका पडला पाहिजे. कमी पडला तर रंग धरत नाही, जास्त झाला तर सूत कुजतं. तो तपासायला कागदाच्या पट्ट्या मिळतात, पण पट्ट्या म्हणे परक्यांसाठी. काकांनी आपल्या बायकांना हाताची रीत शिकवली होती. हौदात बोटं बुडवायची, अंगठ्यानं चोळून बघायची. साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागलं की हौद तयार. वन्संचा हात यात सगळ्यांत पक्का. कारखान्यात त्यांना सगळ्या 'मोठी' म्हणायच्या. मोठीनं बोटं चोळून मान हलवली की सुताच्या लडी हौदात सोडायच्या.

अशात एक मुलगी लागली. तिच्यानंतर आणखी दोघी आल्या, तरी सगळ्या तिला 'नवी'च म्हणत राहिल्या. बारीक चणीची, हसायला लागली की थांबायची नाही. पहिल्या दिवशी तिनं सरळ कपाट उघडलं आणि हातमोजे चढवले. सगळ्या बायका बघत राहिल्या. वन्संनी तिच्याजवळ जाऊन हसत हसत एकेक बोट ओढून ते काढले आणि परत टांगून ठेवले. "अगं, हे घालून हौदापाशी जाणं म्हणजे काकांच्या तोंडात मारणं!" हेही मला त्यांनीच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. वासराला कळपात घेतल्यासारखं.

नवी घरी यायची आमच्या. वन्संना मावशी म्हणायची, मला वहिनी. मी कपडे घड्या करत असले की समोर बसून मदत करायची. एकदा म्हणाली, "वहिनी, काका सगळ्यांशी हसतात, माझ्याशीच नाही. पहिल्या दिवशी हातमोजे घातले ना मी. अजून धरून बसलेत."

"मग न हसले तर काय बिघडलं? पगार देतात ना?" मी म्हटलं.

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. अगदी वन्संच्या आवाजात म्हणाली.

मग तो दिवस. वन्सं भर दुपारी घरी आल्या, अंगावर ओला अॅप्रन तसाच. मी पाणी दिलं. तुकड्या-तुकड्यानं त्यांनी सांगितलं, आणि मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून इथं जसंच्या तसं लिहिते.

बाहेरचे व्यापारी माल बघायला आले होते. काका त्यांना हौद दाखवत होते. "आमच्याकडे यंत्रं नाहीत, आमच्या पोरींचे हात आहेत," असं म्हणत. निळ्या हौदात सोडा नुकताच ओतला होता, ढवळायचा बाकी होता. न ढवळलेला सोडा खाली जड होऊन बसतो, हे हौदावरच्या प्रत्येकीला ठाऊक. वन्सं दांडा घेऊन ढवळायला निघाल्याच होत्या. तेवढ्यात काका नवीकडे वळले, पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "दाखव गं पोरी, घाल हात."

तिनं कोपरापर्यंत घातला.

"ओरडली नाही लगेच," वन्सं म्हणाल्या. "आधी काकांकडे बघून हसली. मग ओरडली."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. नवीचा हात पांढऱ्या गुंडाळीत, उशीवर उंच ठेवलेला. तिची आई शेजारी बसली होती. नवीला वडील नाहीत. आई वन्संना म्हणाली, "एवढे भले वाटले हो ते काका! हिचे वडील गेले तेव्हा घरी आले होते, मग हिला कामावर घेतलं. खाली बसले आमच्यात. म्हणाले, तुझे वडील गेले नाहीत पोरी, फक्त बदलले."

मी वन्संकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला, दिवा गेल्यावर खोली होते तसा. मला वाटलं, फुटली कोंडी. पण दोन श्वासांत त्या सावरल्या. "मन मोठं आहे त्यांचं," म्हणाल्या, "सगळ्यांनाच वडिलांसारखे."

पट्टी बदलायला नर्स आली. तिचं लक्ष वन्संच्या बोटांकडे गेलं. "तुम्ही पण तिथंच का? हातमोजे घालत नाही?"

"आम्ही हातानं तपासतो," वन्सं म्हणाल्या. "बुळबुळीत लागलं की तयार."

नर्स हातातलं काम थांबवून म्हणाली, "अहो बाई, ते बुळबुळीत काय असतं माहितीये का? सोड्यानं तुमच्या कातडीवरचं तेल विरघळतं, त्याचा साबण होतो. तुमचीच कातडी विरघळत असते, ती लागते तुमच्या बोटांना."

इतकी वर्षं ही बाई रोज स्वतःचीच कातडी चोळून 'तयार' म्हणत होती! वन्सं मात्र जिना उतरताना म्हणाल्या, "शिकलेल्या असतात, पण व्यवहार कळत नाही यांना. हौद बघितलाय का हिनं कधी?" पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संध्याकाळी काका आमच्या घरी आले. मी त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. साधे कपडे, मऊ आवाज, हात एखाद्या मास्तरांचे असावेत तसे स्वच्छ. पुन्हा खुर्ची नाकारून खाली बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, हललेच नाही.

"चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत," काका म्हणाले. "मी ठरवलंय, खरं सांगून टाकायचं. मीच म्हणालो, घाल हात. होऊन होऊन काय होईल? कारखाना बंद होईल. मला काय, मी म्हातारा माणूस. तुम्हा पोरींचं तेवढं वाईट वाटतं."

"तुम्ही कशाला सांगता?" वन्सं म्हणाल्या.

"मग कोण सांगणार? म्हणणारा तर मीच होतो ना."

"मी पण होते तिथं. मी म्हटलं असं सांगते. मोठी म्हणून तिला मीच शिकवत होते, कुणालाही पटेल."

"छे छे, भलतंच! तुझ्यावर का घेतेस?" असं म्हणून काका गप्प बसले. मग उठता उठता म्हणाले, "बघ बाई. तुझ्या मनाविरुद्ध मी तुला काही सांगितलं, असं व्हायला नको."

आणि गेले. एका शब्दानं मागितलं नाही, आणि जे हवं ते घेऊन गेले. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, "तुम्ही तरी बोला." ते म्हणाले, "ताईनं मला शिकवलंय. मी तिला काय शिकवू?" आणि वर्तमानपत्र उघडलं.

मग मीच बोलले. मी मराठी शाळेत शिकलेली साधी बाई, कायदा मला कळत नाही. पण खरं-खोटं कळतं. म्हटलं, "वन्सं, तुम्ही मला काल काय सांगितलं ते आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग हे खोटं आहे."

"काकांसाठी आहे."

"आणि नवीचा हात? तुमच्यावर आलं की कारखाना सुटला. उद्या तिचं कोण बघणार?"

"काका बघतील."

"देवापुढे रोज बसता माझ्याबरोबर. त्याला काय सांगाल?"

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "देव काय, सगळ्यांचाच आहे गं. काका माझे आहेत."

चौकशी झाली. साहेब ऑफिसात बसले, सगळ्यांना आत बोलावून एकेकीला विचारलं. नवी पट्टी बांधलेल्या हातानं येऊन म्हणाली, काकांनी सांगितलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, वाफ होती, दिसलं नाही, ऐकू आलं नाही. व्यापारी आपापल्या गावी निघून गेलेले. वन्सं म्हणाल्या, मी सांगितलं. साहेबांनी कपाट बघितलं. कुलूप नाही, हातमोजे नवे कोरे. "मग घालत का नाही?" असं विचारल्यावर काका म्हणाले, "मी कधी कुणाला मनाई केली नाही. विचारा." आणि ते खरंच होतं. साहेबांनी नवीला विचारलं, "तू घातले होतेस का कधी?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशी." "मग कुणी काढले?" नवीनं वन्संकडे बघितलं. उत्तर वन्संनीच दिलं. "मीच काढले."

त्या एवढं एकच खरं बोलल्या, आणि तेच त्यांच्या गळ्याशी आलं.

संध्याकाळच्या आत वन्संना कामावरून काढलं. कारकुनानं येऊन सांगितलं. काका म्हणे आत डोकं धरून बसले होते. दुसऱ्या आठवड्यापासून हातमोजे सक्तीचे झाले, भिंतीवर पाटी लागली. पाटीची बातमी ऐकून वन्सं मला म्हणाल्या, "बघ, मनाला किती लावून घेतलंय त्यांनी!" मी भांडी घासत होते. हातातलं भांडं आपटलं, दुसरं काही केलं नाही.

कारखान्यावर ठपका आला नाही, तेव्हा नवीचं दवाखान्याचं सगळं तिच्या आईच्या गळ्यात पडलं. काका एकदा फळं घेऊन गेले होते म्हणे. आमच्याकडे तेवढेही आले नाहीत. वन्सं रोज सकाळी केस विंचरून, चांगली साडी नेसून खिडकीशी बसायच्या. एक दिवस स्वतःच गेल्या. फाटकावरच्या राखणदारानं आत सोडलं नाही. "काका म्हणालेत, मोठी आत दिसली तर बाकीच्या बायकांना त्या दिवसाची आठवण होईल," त्यानं सांगितलं. त्यावरही त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." माझे हात शिवशिवले. मोठी नणंद आहे म्हणून, नाहीतर धरून गदागदा हलवलं असतं.

थंडी सरत आली तेव्हा नवी आली. मी दार उघडलं. पट्टी गेली होती. हात कोपरापासून खाली गुलाबी आणि चकचकीत, बोटं पंजासारखी आत वळलेली, उघडत नव्हती. ती हसली नाही. वन्संसमोर जमिनीवर बसली. मी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"मावशी, मी भांडायला नाही आले. आता कुठं काही होणार नाही, मला माहितीये. साहेब नाहीत, कुणी नाही. आपण तिघीच आहोत. मला फक्त एकदा सांगा, कोण म्हणालं होतं, घाल हात?"

वन्संनी तिच्या हाताकडे बघितलं. मी मनात देवाचा धावा करत होते. मागणं एवढंच होतं, की एवढं एक वाक्य या बाईच्या तोंडून खरं येऊ दे. त्यासाठी वन्संना काही द्यावं लागणार नव्हतं. काकांचंही काही जाणार नव्हतं.

"मीच म्हणाले," वन्सं म्हणाल्या.

आणि मला भीती वाटली, ती त्यांचा चेहरा बघून. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. इतके महिने मनाशी घोकून घोकून त्यांनी ते खरं करून टाकलं होतं.

"पण मला तर त्यांचा आवाज आठवतो," नवी म्हणाली. "हसले होते ते."

"एवढं भाजल्यावर माणसाला काहीही आठवतं, पोरी. काका तर पलीकडच्या हौदापाशी होते."

नवी बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी आली, ती काही शोधत असल्यासारखी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुला बरोबर आठवतंय. वन्संनी त्याच दुपारी मला सांगितलं होतं. काकाच म्हणाले होते."

नवीनं माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता तिला.

"तुम्ही तिथं नव्हता, वहिनी," ती म्हणाली. "मावशी होत्या."

मग तिनं पदर नीट केला, एका हातानं, आणि उठली. दाराशी जाऊन स्वतःशीच पुटपुटली, "मलाच चुकीचं आठवत असेल." जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. वन्सं उठल्या, तिनं न प्यायलेलं पाणी झाडाला ओतलं, आणि मला म्हणाल्या, "काकांना कळवायला हवं, तिच्या मनात आता काही नाही म्हणून. बरं वाटेल त्यांना."